रॅव्हलथॉर्प हॉलची एमा

बेरिल थॅक्रे अकरा वर्षं रॅव्हलथॉर्प हॉल या जुन्या हवेलीच्या दिवाणखान्यात, बघायला येणाऱ्यांवर नजर ठेवत उभी राहिली, तेही फुकट. शनिवार-रविवार, छातीवर बिल्ला, पायात फुगलेल्या शिरा. कुणी बसू नये म्हणून तिथल्या प्रत्येक खुर्चीवर सुकलेलं काटेरी बोंड ठेवलेलं, आणि ते बेरिललाही लागू होतं. लोक तिकीट काढून यायचे, छताकडे बघत माना अवघडून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "चहा कुठे मिळतो हो?"

तिची आई डॉर्कस याच घरात सतरा वर्षं राबली. पहाटे पाचला उठून अकरा फायरप्लेसची राख काढायची. पण या घरात तिला डॉर्कस अशी हाक कुणी मारलीच नाही. बाईसाहेबांना नवी नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून दुसऱ्या नंबरची मोलकरीण कुणीही असो, तिचं नाव एमा. डॉर्कस गेली तेव्हा त्या घरून आलेल्या फुलांवरही 'एमाला' अशीच चिठ्ठी होती. बेरिलने ती फुलं तशीच कचऱ्यात फेकली होती.

त्यामुळे नोकरांवर प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा बेरिलने आईचा एकुलता एक फोटो आणून दिला. मागे ठसठशीत नाव लिहून. या भिंतीवर एकदा तरी आईचं खरं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

फोटो लागला. मोठा, सुबक चौकटीत. खाली कागदाच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'एमा, मोलकरीण'.

बेरिल तडक व्यवस्थापिका फिलिपाकडे गेली. "अगं, हे काय? माझ्या आईचं नाव डॉर्कस. मागे लिहिलं होतं मी!"

"वाचलं ना. पण घराच्या कागदांत सगळीकडे एमाच आहे, बेरिल. आणि लोकांना ती गंमत आवडते हो. आपल्या दुकानात एमाचं नाव छापलेले चहाचे मगसुद्धा येतायत."

"गंमत?"

"मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर आपल्यातल्याच."

आपल्यातल्या! बेरिलने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. आणि ती चालू लागली. फिलिपाला वाटलं, वय झालं बिचारीचं.

पुढच्या रविवारी बेरिल तिकीट काढून आली. प्रदर्शनाच्या खोलीत क्लिफर्ड पहाऱ्याला उभा होता, तिच्यासारखाच फुकट राबणारा. अकरा वर्षं दोघांनी एकाच थर्मासमधला चहा प्यायला होता. बेरिलने पर्समधून पेन्सिल काढली, 'एमा'वर काट मारली आणि शेजारी आईचं नाव लिहायला घेतलं. क्लिफर्डने तिचं मनगट धरलं.

"अर्धंच झालंय रे, क्लिफर्ड. एवढं लिहू दे."

मागे पाहुणे थबकले होते. दारात फिलिपा येऊन उभी राहिली. क्लिफर्डने तिच्याकडे पाहिलं, मग बेरिलकडे बघायचं टाळलं.

"कशालाही हात लावायचा नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि खिशातला खोडरबर काढून अर्धवट नाव पुसायला लागला.