तीन महिन्यांची सुई

मी विलायतेला निघालो तेव्हा कळंबच्या स्टँडवर थोरले भाऊ, आमचे दादा, सोडायला आले होते. एसटी हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "शेताची काळजी करू नको. म्या हाय हितं." त्या एका वाक्यावर मी मँचेस्टरमध्ये संसार उभा केला.

आता दोघंही म्हातारे झालो आणि दोघांनाही एकच दुखणं निघालं, प्रोस्टेटचा कॅन्सर. पुरुषी हार्मोन त्याला खतपाणी घालतं, म्हणून ते बंद करायचं. इथं नर्स दर तीन महिन्यांनी पोटात सुई टोचते, खर्च सरकारचा. दादांनी सोलापुरात एकदाच ऑपरेशन करून वृषण काढून टाकले. हार्मोन दोन्हींनी सारखंच उतरतं, हे मला इथल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. जपानात म्हणे सुईसोबत गोळ्याही पुष्कळांना देतात. रोग तोच, पण पैसे कोण भरतं, दवाखाना किती लांब, तिथल्या डॉक्टरांची सवय काय आणि पुरुषाला लाज कशाची वाटते, यावर औषध ठरतं.

तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर हळहळ सुरू. बिचारे दादा, तुमच्याकडचं चांगलं इंजेक्शन पाठवा ना! मी चिडून दादांनाच फोन लावला. ते सोयाबीनच्या रानात होते.

"मला कशापायी बिचारा म्हणतेत? खच्ची केल्याबिगर खोंडाचा बैल व्हतो व्हय? सोलापूरच्या चकरा मारत बसू का रास करू?" असं म्हणून खदखदून हसले.

मीही हसलो, पण आत तुटलं. निवृत्तीनंतर गावातच राहायचं ठरवलं होतं. दर वेळी सुईची तारीख आडवी यायची आणि मी मँचेस्टरला परतायची बॅग भरायचो.

मागच्या भेटीत डॉक्टरीणबाईंना म्हणालो, मलाही ऑपरेशनच करा. त्या चमकल्या. इथं हे सहसा कुणी मागत नाही, म्हणाल्या. झालेलं परत फिरवता येत नाही, हवं तर सहा महिन्यांचं इंजेक्शन घ्या. मी म्हणालो, बाई, काय जाणार ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईटही वाटतं. पण जन्मभर गावी जायला परवानगी काढली, साहेबाची, पोरांच्या शाळेची. आता सुईची काढणार नाही.

ऑपरेशन झाल्यावर ग्रुपवर स्वच्छ लिहून टाकलं. हळहळायचंच असेल तर आता दोघा भावांसाठी हळहळा. परत कधी जाणार, असं जिथं कुणी विचारत नाही, ते घर. यंदा मी जाण्याचंच तिकीट काढलंय, येण्याचं नाही.