ण बाणाचा

लहान मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंइतकी बेफिकिरीनं बनवलेली वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. हे मत मी एका आठवड्यात सतरा सीडी पाहून बनवलं, आणि ते अजून बदललेलं नाही.

तेव्हा मी वसईत एका मोठ्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा बालवर्ग चालवत होते. मालकी सोसायटीच्या महिला मंडळाची, शिकवणं माझं. मुलं बहुतेक सोसायटीतलीच, आईबाप सकाळी मुंबईला जाणारे. भुईगावची दोघं होती, आणि पाचूबंदरची एक मुलगी. तिची आई बाजारात मासे विकायची. मुलगी साडेचार वर्षांची, दणकट आणि बडबडी. दर अर्ध्या तासानं माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, "बाई, पानी." मी माठातलं पाणी देत म्हणायचे, "पाणी." ती म्हणायची, "हां, पानी," आणि गटागटा पिऊन जायची.

मंडळानं वर्गासाठी कॉम्प्युटर घेतला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बाई, जग कुठे चाललंय बघा. तुम्ही अजून चिंचोके मांडून बसता!"

"चिंचोक्यांना वीज लागत नाही, वहिनी," मी म्हटलं. त्या काळी आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची.

"ते काही नाही. चांगल्या शैक्षणिक सीडी तुम्हीच निवडायच्या. तुमच्याइतकं त्यातलं कोणाला कळतं?"

स्तुती ऐकून मी हो म्हटलं. माझी पहिली चूक ती.

स्टेशनजवळच्या दुकानदारानं एक गठ्ठाच पुढे टाकला. "मॅडम, सब एज्युकेशनल है. मेरा बेटा भी यही देखता है."

"केवढा आहे मुलगा?"

"अभी आठ महिने का हुआ."

गठ्ठा परतीच्या बोलीवर घरी आणला आणि रोज दुपारी दोन-तीन लावून पाहत बसले. वेष्टनावर सगळीकडे फुलपाखरं, इंद्रधनुष्य आणि 'संस्कारक्षम' हा शब्द. आत काय, तर 'मोजायला शिका' म्हणून एक अस्वल सशाच्या थोबाडीत मारतं आणि पडलेले दात आपण मोजायचे. 'माझे कुटुंब'मध्ये बाबा पेपर वाचतात, दादा बॅट फिरवतो, ताई बाहुली धरते आणि आई पहिल्यापासून शेवटपर्यंत पोळ्या लाटते. एकदाही उठत नाही. 'चांगली मुले, वाईट मुले' यात चांगली सगळी गोरी आणि वाईट सगळी काळी, म्हणजे पोरांना उत्तर ऐकायचीही गरज नाही. बेरजेच्या एका खेळात बरोबर उत्तराला टाळ्या आणि चुकीच्या उत्तराला स्फोट होता. माझ्या भाचीला तो खेळायला दिला, तर तिनं ओळीनं बारा उत्तरं चुकवली. विचारलं, तर म्हणाली, "मावशी, टाळ्या बोअर आहेत."

आणि सगळ्यांत वरताण म्हणजे आवाज. चिरके, घाईचे, एकाही मराठी घशातून न निघालेले. पहिल्या सोळांत मुळाक्षरांच्या सीडी निघाल्या सहा, आणि सहाच्या सहांत 'ण बाणाचा' हे 'न बान का'च्या चालीवर म्हटलेलं. ज्यांना तो उच्चार येत नाही त्यांनी तो शिकवायचे पैसे घ्यायचे, याची मला विलक्षण किळस आली. जिभेचं टोक टाळूला लावायला काय कष्ट पडतात?

सोळा सीडी बाजूला टाकल्यावर सतरावीत एका बाईचा आवाज लागला. संथ, स्वच्छ. क, ख, ग ऐकत ऐकत मी ण ची वाट पाहत बसले. "ण, बाणाचा." असा खणखणीत, घोटीव ण की मी पडद्यासमोर एकटीच "वा!" म्हणाले. पुढे क्ष, ज्ञ पर्यंत पाहिलं, मग सीडी काढून डबीत घातली. तिच्यात आणखी भाग होते. ते मी पाहिले नाहीत. सोळा घाणेरड्या सीडी शेवटपर्यंत पाहिल्या, आणि जी वर्गात लावायची ती अर्धीच.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी एका मुलाला ताप भरला म्हणून मी त्याच्या आजोबांशी दारात बोलत होते. मुळाक्षरं संपली आणि सीडी आपोआप पुढच्या भागात गेली. आतून हसण्याचा कल्लोळ आला. गाढवाचं ओरडणंही.

आत जाऊन पाहते तो पडद्यावर 'शुद्ध बोलू या'. फाटक्या गंजीतला, शेंबडा, अनवाणी मुलगा म्हणतो, "मला पानी दे." गाढव ओरडतं. मग पांढरे मोजे घातलेली मुलगी म्हणते, "मला पाणी दे." घंटा, फुलं, टाळ्या. परत शेंबडा मुलगा, "लोनी." परत गाढव. आणि त्याच खणखणीत आवाजाची बाई विचारत होती, "मुलांनो, तुमच्यात कोण असं बोलतं बरं?"

बावीस बोटं पाचूबंदरच्या मुलीकडे वळली. "ही! बाई, ही बोलते! पानी, पानी!" मग सगळ्यांनी मिळून गाढवाचा आवाज काढला. ती सगळ्यांसोबत हसायचा प्रयत्न करत होती.

मी कॉम्प्युटर बंद केला, मुलांना दटावलं, आणि विषय संपला असं समजले.

आठ-दहा दिवसांनी तिची आई आली. बाजारातून थेट, रिकामी पाटी काखेत. दारातूनच म्हणाली, "बाई, वर्गात पोरांना पानी देत नाय काय तुमी?"

"देतो की. का?"

"ही घरी आली का चार-चार पेले पिते. व्हट फाटलेत तिचे. विचारलं तर बोलत नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत ती एकदाही माझ्यासमोर येऊन उभी राहिली नव्हती. एप्रिलचा महिना, वर्गापुढे तापलेली पत्र्याची पडवी, आणि साडेचार वर्षांचं मूल एक शब्द तोंडातून निघू नये म्हणून तहान मारत बसलं होतं. मी सगळं सांगितलं. ती पाटी टेकून ऐकत राहिली.

"ती शिडी कोनी निवडली?"

"मी."

शिडी नव्हे, सीडी, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्यांचं म्हणणं, "पण त्यात चूक काय आहे? पाणीच म्हणतात ना?"

"म्हणतात. पण गाढव कशाला?"

"अहो, मजा येते मुलांना! तुम्ही फार मनाला लावून घेता. आणि तुम्हीसुद्धा तिला सुधारायचातच की रोज."

ते खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला. घरी येऊन सीडी हातानं मोडली. चिवट निघाली, अंगठ्याला कापलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं की पानी आणि पाणी दोन्ही चालेल, आणि हसेल तो माझ्याशेजारी बसेल. मुलीला जवळ घेऊन म्हटलं, "पानी माग, देते." ती जमिनीकडे बघत राहिली. न मागता पेला पुढे केला. "तहान नाय," म्हणाली. आणि सुकलेले ओठ चाटले. असं तीन दिवस.

सोमवारी ती स्वतःहून आली, ताठ उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "बाई, वॉटर."

कोणीही गाढव काढलं नाही. एक-दोघांनी तर आदरानं पाहिलं. मी पेला भरून दिला, तिनं संपवला, दुसरा मागितला, तोही वॉटर म्हणूनच.

दुपारी तिची आई न्यायला आली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "मीच शिकवला. बाजारात गिऱ्हाइकांच्या पोरी बोलतात. तुमचा पाणी तिला जमत नाय, आमच्या पानीला हसतात, मग म्हटलं दोन्ही नको. आता पिते ना पोटभर?"

"पिते."

"मग झालं. अजून कंचे शब्द आहेत तसले, लिहून द्या. समदे बदलून टाकते."

मी कागद घेतला. लोणी, कोण, आणि, पण, आणखी, म्हणून, ऊन नव्हे, ऊन ठीक आहे. सातवा-आठवा शब्द लिहिताना माझा हात थांबला. माझ्या सुबक अक्षरात एका मुलीची अर्धी बोली मी यादी करून तिच्या आईच्या हातात देत होते, आणि ती मान वाकवून, मनापासून वाट पाहत उभी होती.

"पानी, तेवढा एकच शब्द," मी खोटं सांगितलं, आणि कागद फाडला. "बाकी सगळं बरोबर आहे."