हवा सुटली की काकाजी निघतात

वैशाखातल्या दुपारी हवा सुटली की अख्खं नागपूर दारं-खिडक्या लावून घेतं आणि एकच माणूस घराबाहेर पडतो. तो म्हणजे माझ्या बायकोचे काका. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर साहेबलोकांचा हा खेळ त्यांनी उचलला, पण कळमेश्वरकडच्या शेतात लहानपणी गहू उफणताना लागलेली सवय काही सोडली नाही. उफणणारा माणूस सूप घेऊन तिवईवर उभा राहतो. हवा सुटली की हात चालवतो, म्हणजे भुसा उडून जातो आणि दाणा खाली पडतो; हवा पडली की खाली बसतो. काकाजी गोल्फही तसाच खेळतात. जगातले सगळे खेळाडू वारा थांबायची वाट बघतात, हे सुटायची. बाकीचे चिमूटभर गवत उडवून वाऱ्याची दिशा बघतात. काकाजी घरून गव्हाचा भुसा पुरचुंडीत बांधून आणतात, आणि तो हमखास मागच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. लोक त्यांना सनकी म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि चढलो तो भौतिकशास्त्र घेऊन. त्यामुळे समोरच्या हवेत चेंडूचं काय होतं हे मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चेंडू मागच्या पायाशी घेतला, काठी अर्धीच उचलली आणि असा फटका मारला की चेंडू सशासारखा जमिनीलगत पळत थेट होलच्या झेंड्याकडे गेला. पुढचा मात्र बाभळीत शिरला. "हवेची चूक नाही, जावईबापू," ते म्हणाले, "माही आहे."

दर रविवारी त्यांच्यासोबत खेळणारे वकीलसाहेब म्हणजे शाळेपासूनचे दोस्त. हवा पडली की काकाजी बसून राहत, मागे खेळणाऱ्यांची रांग लागे आणि बोलणी वकीलसाहेबांना खावी लागत. शेवटी त्यांनी अट घातली: दोघांत एक सामना होईल, काकाजी हरले तर सकाळी, हवा नसताना, चारचौघांसारखं खेळायचं, नाहीतर ही रविवारची जोडी संपली. काकाजींनी सामन्यासाठी फक्त दुपारची वेळ मागून घेतली.

सामना शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत आला आणि तिथेच हवा पडली. वकीलसाहेबांनी चेंडू उचलून मारला, तो झेंड्याच्या पायाशी जाऊन थांबला. काकाजी आपल्या चेंडूशेजारी मांडी घालून बसले. मी विनवलं की साधा फटका आहे, पानसुद्धा हलत नाही, मारून टाका. काही उपयोग झाला नाही.

"काहून बसला गा?" वकीलसाहेबांनी पलीकडून विचारलं.

"हवा येऊ दे."

"अन् नाही आली तं?"

"तं हरलो."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पडल्या हवेत दाणा न् भुसा सारखाच दिसते, बापू. असं जिकून मी काय करू?"

दिवस मावळला, हवा आली नाही. वकीलसाहेबांनी दोघांच्याही काठ्या आपल्या गाडीत टाकल्या आणि आम्हाला घरी सोडलं. हरणं काकाजींनी कबूल केलं, सकाळ कबूल केली नाही. म्हणजे जोडी गेली.

आता दुपारी आम्ही दोघंच असतो. त्यांचा हात उतरला आहे. कधी कधी हवा चेंडू अर्ध्या वाटेतच पाडते, आणि काकाजी तिला जाब विचारायला निघाल्यासारखे तरातरा चालत जाऊन पुन्हा काठी उगारतात. गेल्या रविवारी कुंपणापलीकडे वकीलसाहेबांची गाडी उभी दिसली. काचा बंद, आत एकटेच. काकाजींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, एक फटका मारला, तो चुकला, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्याले म्हणा, काच तं खाली कर."

मी जाऊन सांगितलं. वकीलसाहेबांनी काच खाली केली. धूळ, वाळका पाला, सगळं भसकन आत शिरलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण काच काही पुन्हा वर केली नाही.