पाहुण्यांनी चरलेला कप्पा

मामा म्हणजे माझे सासरे. सबंध पालम तालुक्यात त्यांच्याइतका हेकट माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आमच्याच भावकीतला निघेल.

घरी दोन लाल कंधारी गायी अन् त्यांचे दोन गोऱ्हे. थोरली गाय माझ्या माहेरून आलेली. दर उन्हाळ्यात कडबा विकत घ्यायची वेळ यायची आणि आमचे हे तेच पालुपद लावायचे, विकून टाकू. गेल्या वर्षी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "आता कडबा घ्यायची पाळी आली तर गुरं बाजारात. तुझी गाय बी."

म्हणून मी माळाचे कप्पे पाडले. परभणीला एका शिबिरात शिकले होते. गुरं सगळ्या माळावर मोकळी सोडायची नाहीत. एक कप्पा चारायचा, बाकीच्यांना विसावा द्यायचा, मग पुढचा. कप्प्याभोवती तार, आणि रानडुकरांसाठी लावतात तसलं झटका मशीन. ओढ्याकडचा शेवटचा कप्पा उन्हाळ्यासाठी राखून ठेवला. गायी दोनदा चटका खाऊन शहाण्या झाल्या. मामा काही झाले नाहीत.

"ह्यातलं खाय, त्यातलं नको. गाय हाय का शाळंतलं लेकरू?" असं म्हणून ते मशीन बंद करायचे आणि तार खाली टाकून यायचे. मी परत बांधायची. जन्मभर गुरांमागं माळ तुडवलेला माणूस, त्याला कोण काय शिकवणार? माझा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांना आवतन द्यायची आमच्याकडं रीत आहे. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, असं म्हणतात. आमच्या दावणीला बैल नाहीत, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तर मामा गावातल्या लोकांच्या बैलांना आवतन देऊन आले. मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस. पुरणपोळीचा घास भरवतील आणि गप बसतील.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून बैल सुटले ते झुलीबिली घालून थेट माळावर. राखलेल्या कप्प्याची तार जमिनीवर पडलेली, आणि अख्ख्या गावचे बैल आत. मी पुरणाच्या हातानंच पळत सुटले.

"मामा, हे काय करायलाव?"

"आवतन दिलंय मी. जेवायला आलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवू व्हय?"

पोळ्याला बैलावर कुणी काठी उगारत नाही, त्यामुळं मालकही हात बांधून मजा बघत उभे. मग मी सगळा राग मामांवर काढला. "तुम्हाला काय, आयतं खाऊन बसायचंय! गाय माझी जाईल." सगळ्या गावासमोर बोलले. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. आवाज जरा कमी ठेवता आला असता, एवढंच.

त्या दिवसापासून मामांनी बोलणं बंद केलं. मी तरी काय कमी? मीही बंद केलं. "तिला सांग, भाकर वाढ म्हणावं," असे निरोप ह्यांच्यामार्फत यायचे, आणि मी समोरच उभी असायची. पण सकाळ झाली की मामा चारी गुरं सोडायचे आणि रस्त्याच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं दिवसभर चारून आणायचे. गुडघे धरत घरी यायचे. हे काय नवीन, म्हणून मी ह्यांना विचारलं. "म्हणतेत, तिच्या माळाला विसावा पायजे ना, घेऊ दे म्हणावं."

रागानं का होईना, माळ मोकळा राहिला. जमिनीत ओल होती, बैलांचं शेण पडलं होतं, शेवटच्या कप्प्यात गवत पुन्हा फुटलं आणि गुडघ्याला लागलं. आता धड रागवायचीही सोय राहिली नाही.

शिमग्याच्या सुमाराला बाहेर काडी उरली नाही, तेव्हा मी मशीन बंद केलं, तार गुंडाळून ठेवली आणि गुरं आणली. तर जिथं तार होती तिथं येऊन ती चटक्याच्या धाकानं थबकली. ओढलं, ढकललं, मिठाचा खडा दाखवला. एक पाऊल आत टाकतील तर शपथ. पोटं खपाटीला गेलेली, समोर गवत, आणि ही ढिम्म उभी. हे म्हणाले, "कप्पा राखून काय उपेग? बोलव तुझ्या शिबिरवाल्यांना. न्हाईतर आठवडी बाजार हायेच."

मामा बाभळीखाली बसून सगळं बघत होते. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना माहीत आहे, मी ती म्हण मनातच गिळली.

"मामा, चला. तुमच्याबिगर गुरं आत येईनात."

ते उठले. तारेच्या जागेवरून सरळ आत चालत गेले, मागं वळूनही बघितलं नाही. आधी थोरली गेली, मग बाकीची. क्षणात गवत ओरबाडल्याचा आवाज यायला लागला. हे कडब्याचं नाव न काढता घराकडं निघाले.

"माझ्याशी बोलायला शिमगा उजाडावा लागला व्हय गं?" मामा गुरांकडं बघतच म्हणाले. "पोळ्यापासून वाट बघायलोय."

एवढं बोलून हा माणूस, जिथं गवत सगळ्यात दाट होतं, नेमका तिथंच पाय पसरून बसला. बसा म्हटलं, मामा, बसा.