लेखकाच्या नावाचा चौकोन

राजरत्न गमरेला हुशार म्हणावं की बावळट, हे नायगावच्या त्याच्या चाळीला अजून ठरवता आलेलं नाही. खरं सांगायचं तर दोन्ही.

परळच्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं तो एमआरआयचा टेक्निशियन, तोही कंत्राटी. पेशंटला नळीत सरकवायचं, "हलू नका हं" म्हणायचं, आणि कुणी हललंच तर आलेली धुरकट चित्रं बोलणी खात परत काढायची. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. टेक्निशियनने कुठे नाव लिहायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

तशात त्याला एक फुकटातलं सॉफ्टवेअर सापडलं. जगात कुणीही घ्या, उघडून बघा, हवं ते बदला. मशीनमधून नुसते कच्चे आकडे निघतात. त्यांचं चित्र करायला यात पडद्यावर ठोकळे मांडायचे आणि तारांनी एकमेकांना जोडायचे. त्याचे वडील बाबुराव गिरणीत वायरमन होते. पोरगं हरखलंच!

त्याच्या आईची, कौसल्याबाईंची, मान सारखी थरथरते. विभागाच्या डॉक्टर इरावतींच्या परवानगीने ती माउली रविवारी दुपारी त्या नळीत जाऊन पडायची, लेकासाठी. राजरत्नने दोन वर्षं ठोकळे जोडले. डोकं फार हललं तेव्हाचे आकडे बाजूला काढायचे, उरलेल्यांतून चित्र उभं करायचं. फार म्हणजे किती, तो आकडा आईच्या मानेवरून ठरला. एका रविवारी चित्र लख्ख आलं, आणि हा खुर्चीत बसून रडला.

त्याच सुमारास संशोधन विभागात कायमची जागा निघाली. अट एकच, छापील शोधनिबंधात लेखक म्हणून नाव हवं.

"तुझ्या ठोकळ्यांची फाईल दे, निबंध मी लिहिते," इरावती म्हणाल्या. "तुझं काम झालं समज."

त्याने दिली. फाईलमध्ये सगळ्यात वर लेखकाच्या नावाचा चौकोन होता. गाढवाने तो रिकामाच ठेवला. सवय, दुसरं काय!

निबंध छापून आला. चौकोनात इरावती, निबंधावर इरावती आणि त्यांचे दोन विद्यार्थी. तळाशी तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार. राजरत्न विचारायला गेला.

"अरे, चौकोन रिकामा होता ना? मला वाटलं, तुला नको असेल." बाई गोड हसल्या. "बरं झालं आलास. बाहेरच्या विद्यापीठातून विचारतायत, डोकं 'फार हललं' म्हणायचा हा आकडा कुठून आला रे?"

आणि याने सांगितलं. तेसुद्धा सांगितलं! जागा पुढच्या महिन्यात त्यातल्याच एका विद्यार्थ्याला मिळाली.

घरी त्याने मोबाईलवर आईला निबंधातलं चित्र दाखवलं. "हे बघ, तुझं डोकं. जगभर गेलं."

"आणि तुझं नाव कुठाय?"

त्याने चौकोनाचं सांगितलं. कौसल्याबाई उठल्या, फळीवरून एक स्टीलची वाटी काढली आणि त्याच्यापुढे आदळली. वाटीवर टोचून नाव घातलेलं होतं, 'कौ. बा. गमरे'. त्यांची मान आता जोरात हलत होती.

"शेजारी गेलेली वाटी परत घरी यावी म्हणून तुझ्या बापाने हिच्यावर नाव घातलं. एवढ्याशा वाटीवर! आणि तू मेल्या, माझं डोकं बिननावाचं देऊन आलास?"