कवळीवर उमटलेला 'स'

आमच्या खराडीच्या ऑफिसात बोललेलं मराठी ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर बनत होतं. त्याच्या चुका शोधायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून ऑफिसने मला शनिवारच्या ध्वनिविज्ञानाच्या वर्गाला घातलं. वर्गातली बाकी सगळी विशीतली.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अक्षर विसरा, तोंड बघा." ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'ताट' म्हटलं, तर पट्टी जेमतेम हलली. 'थाट' म्हटलं आणि ती फडफडली. मराठीत तेवढ्या वाऱ्याने शब्द बदलतो. तमिळमध्ये बदलत नाही, म्हणून तिकडे तो फरक कुणाच्या कानावरही येत नाही. तोंड काय करतं हा एक अभ्यास आणि भाषा त्यातलं काय मोजते हा दुसरा. पन्नास वर्षं बोलत होते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं! बसमध्ये मी तोंडासमोर तिकीट धरून पुटपुटत घरी आले.

घरी वेगळाच प्रश्न होता. सासूबाईंना नवी कवळी बसवली होती आणि त्यांच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. समोरच्या काकूंची नजर काचबिंदूने गेलेली. सासूबाई रोज सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवत. नव्या कवळीच्या दुसऱ्याच दिवशी काकू म्हणाल्या, "अगं, बातमी वाचतेस की कुकर लावलायस?" सासूबाई उठून आल्या त्या परत गेल्याच नाहीत. पंधरा दिवस झाले. घरातही मानेनेच हो-नाही. दाताचे डॉक्टर म्हणत होते, सवय होईल.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवली आणि ती जिभेला फासून आम्हाला एकच 'त' म्हणायला लावला. मग आरशात टाळू बघायची. दातांमागे काळा पट्टा! जीभ जिथे टेकली तिथे तिचा ठसा. 'स'ला दोन्ही कडा काळ्या आणि मधोमध स्वच्छ वाट, वारा जायला. मी जिभेवरचा कोळसा धुण्याआधीच ठरवलं, आज सासूबाईंची कवळी.

"आई, वरची कवळी द्या."

"कशाला?"

"पावडर लावायचीय."

"चेहऱ्याला लाव. गरज आहे."

पण दिली. मी कवळी कोरडी करून जिभेकडच्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुरली आणि त्यांना हळूच बसवायला लावली. "फक्त 'स' म्हणा. एकदाच. गिळू नका." शिट्टी वाजली. कवळी काढून खिडकीशी नेली आणि मी ओरडलेच. कडांची पावडर जिभेने पुसलेली, मध्ये राहिलेली वाट मात्र दोऱ्याएवढी. माझ्या टाळूवर ती करंगळीएवढी होती. दातांमागे कवळी जाड होती, वाऱ्याला जागाच नव्हती. चूक सासूबाईंची नव्हती, सवयीचीही नव्हती. समोर दिसत होती!

फोटो काढला आणि सोमवारी सासूबाईंना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, मग मला.

"आपण डॉक्टर आहात?"

"विद्यार्थिनी. तीन शनिवार झालेत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्वतःच पावडर मागवली आणि ठसा घेतला. मग मशीन लावून कवळी दातांमागे घासली. शिट्टी निम्मी झाली. पुन्हा ठसा, पुन्हा घासणं. तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "सासू, सून, सरकार, सोसायटी." स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "फोटो मला पाठवून ठेवा."

मंगळवारी सकाळी सासूबाई समोर गेल्या. मी मागोमाग, पावडरचा डबा हातातच. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "कोण?"

"सकाळी सकाळी दुसरं कोण येणार?"

काकूंनी मान तिरकी करून ऐकलं. मग पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे पंधरा दिवसांचे पेपर घड्या न मोडता रचून ठेवलेले. "रद्दीवाल्याला दोनदा हाकललंय. खालचा घे. तारखेनं वाच."

"शिळ्या बातम्या?"

"मला नव्याच आहेत."

सासूबाईंनी सर्वात खालचा पेपर ओढला. मला तेवढ्यात आठवलं, 'ळ'चा ठसा घ्यायचा राहिलाच. मी डबा पुढे केला.

"आता दात मिळायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्या पानापासून सुरू झाल्या.