आक्कांना दिसलेला अंधार

मी डोळ्यांची डॉक्टर, सांगलीत प्रॅक्टिस. वॉर्डात कुणी भास, संकेत वगैरे काढलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतोय...

गेल्या वर्षी कोरेगावकडचे संपतराव, फौजेतून रिटायर झालेले, माझ्याकडे अ‍ॅडमिट होते. उसाचं पातं लागून उजव्या डोळ्यात बुरशीचं इन्फेक्शन झालं होतं. त्यांना थोरल्या बहिणीनं — आक्कांनी — किडनी दिलेली. ती शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी प्रतिकारशक्तीच दबली होती. अशा पेशंटचा डोळा बघता बघता हातचा जातो. तासातासाला ड्रॉप्स चालू होते. तिसऱ्या आठवड्यात जखम भरत आली. डावा डोळा मी पहिल्याच दिवशी आतपर्यंत तपासला होता... स्वच्छ होता.

डिस्चार्ज लिहीत होते, सकाळचे अकरा वाजले असतील. कोरेगावहून आक्कांचा फोन.

"मॅडम, त्येचा डावा डोळा बघा. आजच बघा."

तक्रार उजव्याची आहे, मी म्हटलं. मग सांगू लागल्या — शेंगा फोडत बसल्या होत्या, आणि स्वतःच्याच डाव्या डोळ्यापुढं कानाच्या बाजूनं काळं यायला लागलं. मी म्हटलं, मग तुम्हीच दाखवून घ्या. त्या म्हणाल्या,

"पर ह्यो अंधार माझा न्हाई."

मी चिडलेच. संपतरावांना विचारलं, तर ते म्हणाले डाव्याला काहीच नाही, घरी सोडा. तक्त्यावर त्या डोळ्याची नजरही उत्तम आली. तरी राहवेना, म्हणून बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घातले. अर्ध्या तासानं आत पाहिलं. पडद्याच्या अगदी कडेला, नाकाच्या बाजूला, पांढरा चट्टा... भोवती रक्ताचे ठिपके. व्हायरसचं इन्फेक्शन. पडद्यावर चित्र उलटं पडतं — नाकाकडचा पडदा गेला की अंधार कानाच्या बाजूनं येतो.

किडनीच्या डॉक्टरांशी बोलून त्याच दुपारी डोळ्यात इंजेक्शन दिलं, गोळ्या कमी केल्या. गोळ्या कमी म्हणजे किडनीला धोका. ते दिवस मी रोज आधी रक्ताचा रिपोर्ट बघायची, मग डोळा. चट्टा पसरायचा थांबला, हळूहळू सुकला. किडनीही टिकली.

नंतर आक्कांना बोलावून दोन्ही डोळे मी स्वतः तपासले. काही नव्हतं. तो अंधार भावाचा हे कसं कळलं, विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

आमच्या केसपेपरवर 'तपासणीचं कारण' असा रकाना असतो. त्या दिवशीच्या पानावर तो मी कोराच सोडलाय. काय लिहावं, अजून कळलेलं नाही.